एप्रिलमध्ये उघडायचं खोकं

रवि. ६ एप्रिल २०१४
बिअर तयार. दोन आठवडे बादलीत फसफसली, आता शांत. बाटल्यांत भरायला हवी, पण बाटल्या निर्जंतुक करायची पावडर संपलीय. दुकानवाला म्हणतो, माल पुढच्या महिन्यात. नुसत्या धुऊन भरल्या की आंबते. मागची अख्खी खेप सिंकमध्ये ओतली, तेव्हा मेधा नाक धरून हसत होती. आता सिंगापूरला, चोआ चू कांगच्या या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिज. मेधा जानेवारीपासून पुण्याला, तिच्या आईकडे.

मंगळ. ८ एप्रिल
उकळतं पाणी ओतून पाहिलं. दोन बाटल्या तडकल्या. ब्लीचने घराला स्विमिंग पूलचा वास. व्होडकाने धुवायच्या म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.
मेधाला फोन. जेवलास का. हो. संपलं बोलणं.

शनि. १२ एप्रिल
कपाटात वरच्या खणात त्या गोळ्या आहेत. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठीच्या. पाण्यात टाकायच्या, अर्धा तास बाटल्या बुडवायच्या. काम तेच. सेलमध्ये मीच आणल्या होत्या. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, बाळ होईपर्यंत काही आणू नये. मी हसलो होतो. सातव्या महिन्यात मुलगी गेली, पोटातच.
खोक्यावर मेधाचं अक्षर : 'एप्रिलमध्ये उघडायचं'.
एप्रिलच आहे. उघडलं. वीस बाटल्या भरल्या. झाकणं लावताना रडलो, बऱ्याच दिवसांनी.

शनि. २६ एप्रिल
मेधाचा फोन. पुढच्या शनिवारी येतेय, दहा दिवसांसाठी. "कपाटातल्या तिच्या वस्तूंना हात लावू नकोस. मी आवरीन."
बरं म्हणालो. काय माती खाल्ली मी.

रवि. २७ एप्रिल
सेरंगूनच्या मॉलमध्ये तसंच खोकं मिळालं. काउंटरवरच्या आंटीने हसून विचारलं, "बेबी बॉय ऑर गर्ल, आह?"
"गर्ल."
आजवर कुणाला हे मोठ्याने सांगितलं नव्हतं. स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या. घरी येऊन नव्या गोळ्या जुन्या खोक्यात भरल्या. फाटलेली कड चिकटवली. दिसतेच.

रवि. ४ मे
मेधा काल आली. बॅग अजून बांधलेलीच. आज सकाळी कपाटाकडे निघाली तेव्हा सगळं सांगून टाकलं, आंटीसकट. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. एक बाटली उचलून खिडकीपाशी उजेडात बघत राहिली.
"स्वच्छ झाल्या होत्या ना?"
"हो. नीट अर्धा तास ठेवल्या होत्या."
मान हलवली. बाटली उघडली नाही, परतही ठेवली नाही. दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसली होती. मी कुकर लावला.
परतीचं तिकीट तेरा तारखेचं. राहा म्हणायचंय. अजून म्हटलेलं नाही.