तिसऱ्या आणू नकोस

आकुर्डी, सोमवार

चि. प्रभाकर, तुला आणि घरच्या सगळ्यांना दादाचा आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. गुडघाही हल्ली कुरकुर करत नाही. शैलाचा खोकला थांबला का?

काल फोनवर तू हसलास. "दादा, आकुर्डीत बसून मला खाडी शिकवतोस?" म्हणालास. शिकवत नाही रे, घाबरलोय. समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांचे लेख पूर्वी कुलपात असायचे, आता बरेचसे इंटरनेटवर सगळ्यांना खुले ठेवतात. कंपनीत असताना डिक्शनरी घेऊन शिकलेलं इंग्रजी आता कामाला येतं. त्यातलाच एक लेख छापून सोबत पाठवतोय. आपल्याच खाडीतल्या तिसऱ्या त्यांनी तपासल्यात. पाण्यात एक बारीक शेवाळ माजलं की तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत विष साठतं, आणि ते उकळूनही जात नाही.

सूनबाईला सातवा लागलाय, डोहाळे तिसऱ्यांचे, आणि तू रोज टोपली भरून आणतोस. "पोरीचं मन मोडू नकोस" असं गेल्या पत्रात मीच लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो.

लेखात लक्षणं दिलीत. आधी ओठ बधिर होतात, मग श्वास अडकतो. आपली कस्तुराक्का गेली त्या संध्याकाळी तिसऱ्या जेवून उठली आणि ओठ चोळत बसली, आठवतं? आपण तिची दृष्ट काढत राहिलो.

शेजारचा सिद्धेश आजच गावी निघालाय, त्याच्याच हातात हे देतो. माझं पटत नसेल तर शाळेतल्या मिनलबाईंना दाखव, त्यांच्या फोनवरही हा लेख उघडेल. तोवर सूनबाई रुसली तर माझ्या नावाने रुसू दे.

तुझा घाबरट
दादा