पिल्लांवरची मरळ

आबा,

काल बाजारात पाण्याच्या टबात जिवंत मरळ दिसली. विकणारी म्हणाली, "ताजी हाय बाई, घेऊन जा." मी काही न घेता घरी आले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, माझी नोकरीही संपली. आता टाळायला कारण उरलेलं नाही.

आई गेल्यावर रविवारी मला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून तुम्ही मला नदीवर न्यायला लागलात. आठवडाभर ओझरच्या कारखान्यात लेथवर उभं राहायचं आणि रविवारी उजाडताच मला सायकलवर मागे बसवून सायखेड्याची वाट धरायची. आत्या म्हणायची, "पोरीला गळ कसला शिकवतोस? भाकरी शिकव." तुम्ही म्हणायचात, "भाकरी मी करतो की." मरळ धारेत शोधायची नाही, हे तुमचं पहिलं सांगणं. धार जिथे मंदावते आणि काठचं गवत पाण्यात झुकतं तिथे ती असते. हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं, म्हणून आधी नुसतं बसायचं आणि बुडबुडा कुठे फुटतो ते बघायचं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गळाला लहान बेडूक लावून तो गवताच्या कडेने उड्या मारत आणायचा. तिने तोंड लावलं की लगेच हिसका द्यायचा नाही, दहापर्यंत मोजायचं. तुम्ही ओठांतल्या ओठांत मोजायचात. आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितलीत, पहिल्याच पावसाळ्यात आणि एकदाच. पाण्यावर तांबड्या पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकायचा नाही. खाली त्यांना राखणारी मरळ असते आणि पोट भरलेलं असलं तरी पिल्लांजवळ आलेल्या कशावरही ती झेपावते. "ती काय मासेमारी नव्हे," एवढंच म्हणालात.

मी चौदा वर्षांची आहे. तीन वर्षांत मला एकही मरळ लागलेली नाही. तुम्ही वरच्या वळणावर बसला आहात, मी खालच्या डोहाशी. माझा गळ पाण्यात पडतो आणि लगेच काठी वाकते. मी दहापर्यंत मोजते, ओढते आणि माझ्या हाताएवढी मरळ काठावर येऊन आपटते. शेजारच्या मळ्यातले म्हातारे बाबा ओरडतात, "आरं, पोरीनं बापाला मागं टाकलं की! लय भारी!" तुम्ही धावत येता. तुमचा चेहरा असा उजळलेला मी आई गेल्यापासून पाहिलेला नाही. मग तुमची नजर माझ्या मागे पाण्यावर जाते. कुंकू सांडावं तसा तांबडा पुंजका तिथे नुसता गोल गोल फिरतो आहे.

"टाकायच्या आधी दिसली नव्हती का गं?"

"नाही, आबा."

तुम्ही मला रागावला नाहीत. त्या बाबांना म्हणालात, "तिला काय ठाऊक. नीट शिकवलं नाही मी." मग काठी घेऊन तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरलात. बगळा आला की काठी पाण्यावर आपटायची, खालून दुसरा मासा आला की आपटायची. बाबा हसले, "काय आबा, माशांची दाई झाला का?" तुम्ही म्हणालात, "जोडीतली दुसरी असते. ती येते का बघू." ऊन उतरेपर्यंत तुम्ही पाण्यात होतात. दुसरी आली नाही. पुंजका ताटाएवढा होता तो वाटीएवढा झाला.

घरी तुम्ही मरळीचा रस्सा केलात. मारली आहे तर टाकायची नाही, म्हणालात. मला वाढलीत आणि स्वतः भाकरी चटणीशी खाल्लीत. सोमवारी, कधी नव्हे तो, कामावर खाडा केलात आणि सायकल काढून पुन्हा सायखेड्याच्या वाटेने गेलात. दुपारी परत आलात. त्यानंतर काठी माळ्यावर गेली ती गेलीच. रविवारी तुम्ही मला गणितं घालायला लागलात. मी शिकले, पुण्याला गेले, मुलींच्या शाळेत लागले. मुख्याध्यापिका झाल्यावर तर खोटं बोलणाऱ्या मुलीला मी कधी माफ केलं नाही. वर्गाबाहेर उभी करायचे. रडली तरी आत घ्यायचे नाही.

शेवटच्या आजारात मी रजा घेऊन आले तेव्हा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुला बरंच सांगायचं राहिलं माझ्याकडून. आई असती तर सांगितलं असतं. त्या मरळीचंही सांगायचं राहिलं होतं बघ." मी म्हणाले, "आता कशाला ते, आबा. दूध घ्या." आणि पेला तुमच्या ओठांना लावला. बोलता येऊ नये म्हणून लावला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या हयातीत तो होता तेव्हाही मी पाठवलं नसतं. तुम्ही सांगितलं होतं, आबा. सगळं नीट सांगितलं होतं. पिल्लं मला आधी दिसली होती. म्हणूनच बेडूक मी तिथे टाकला.