मार्थाताईची मूठ

प्रिय मार्थाताई,

आई दळायला बाजरी काढताना आधी एक मूठ काळ्या मडक्यात टाकायची, आठवतं? "ही प्रभूची मूठ, हात लावायचा न्हाई." रविवारी ती चर्चमध्ये अर्पण व्हायची. एका शनिवारी ऊसतोडीला निघालेल्या भीमाबाईच्या ओटीत तू ते मडकं रिकामं केलंस. आईला कोणी सांगितलं, हे तू कधी विचारलं नाहीस. मीच सांगितलं, ताई. मार तुला बसला, आणि खरं बोलले म्हणून बोर्डिंगच्या सिस्टरांनी मला शाबासकी दिली.

परवा भीमाबाईची नात ज्योती पिशवीभर बाजरी घेऊन दारात आली. "आजी देवाघरी जाताना म्हनली, मार्थाताईची मूठ परत करून ये. त्या सालाला वाटंनं लेकरं त्या मुठीवरच जगली."

त्या शनिवारी प्रभूची मूठ प्रभूलाच पोचली होती. ते कळायला मला पन्नास वर्षं लागली.

हे पत्र टपालात टाकायचा धीर नाही, म्हणून मडक्यातच ठेवते. सोमवारी मी सावेडीला मुलाकडे राहायला जातेय. सामान आवरायला सून येईल, तिला सांगून ठेवीन: बाजरी वेशीबाहेर उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळीला द्यायची. आईचं बायबल ज्योतीला, तिनं मागितलंय. आणि मडकं तुला, तू ठेवलं होतंस तसं, बाजरीचा दाणाही नसलेलं.

तुझी चुगलखोर,
एस्तेर