जुनं मशीन बांधावं की नको

१ जून, रविवार
आजपासून मासेमारीची बंदी. होडी वर ओढली. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिलीत, ती वाया जाऊ नयेत म्हणून थोडं थोडं लिहायचं ठरवलं. खरं तेच लिहायचं. वाचणारं कोण आहे.

३ जून
होडीचं मशीन गेले पंधरा दिवस कुंथत होतं. सासऱ्यांनी घेतलेलं, एकवीस वर्षांचं. हे म्हणतात, भंगारात देऊ, नवीन घेऊ. त्यासाठी माझ्या पाटल्या मोडाव्या लागतील असं काही ते बोलले नाहीत, नुसतं माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतले. मढला जूनमध्येही कधी कधी थंडी वाजते.
मी काही ठरवणार नाही. देवीचा कौल घ्यायचा.

६ जून, शुक्रवार
आंघोळ करून देवीच्या मुखवट्याला दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर जुनंच मशीन दुरुस्त करून बांधायचं, डावं पडलं तर नवीन. डावं पडलं. पण पंखा चालू होता. धरला नाही.

८ जून
पंखा बंद करून परत. डावं. फूल शिळं असावं.

१० जून
ताजी फुलं. उजव्याला पाणी जरा कमी लावलं, देवीला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून. उजवं पडलं. तिची इच्छा. आपण कोण.

१२ जून
मालवणीहून भीमराज मेकॅनिक आला. मशीन खोललं. म्हणाला, वहिनी, खालचा सिलिंडर घासलाय, पिस्टनवर ओरखडे आहेत. हे वयामुळे नाही, तेल कमी पडलंय. पेट्रोलमध्ये तेल कोण मिसळतं?
हे म्हणाले, डबा घरूनच भरून येतो.
मी चहा टाकायला आत गेले.
डबा मी भरते. दहा लिटर पेट्रोलला पाव लिटर तेल, असं बाटलीवर छापलंय. छापणारच, त्यांना बाटल्या खपवायच्यात. दोन वर्षांपूर्वी मी निम्मं करून पाहिलं. मशीनला कळलं नाही. मग त्याचं निम्मं केलं. तेही कळलं नाही. उलट धूर कमी झाला. हेच म्हणाले होते, मशीन सुधारलं. माझी भाजीही कमी तेलातच होते, आजवर कुणाची तक्रार नाही.
चहा चांगला झाला होता.

१४ जून
हे म्हणाले, विने, नीट ऐक. बांधलं तर नव्याच्या पाव खर्चात होईल. पण पुन्हा घासलं तर सगळं पाण्यात. आणि नारळी पौर्णिमेला माझी होडी निघाली नाही तर मला दादाच्या बोटीवर खलाशी म्हणून जावं लागेल.
दादाची बोट म्हणजे माझ्या जावेची, वनमालाची. दादा नावाला.
म्हणाले, पन्नाशीला आलो, आता वहिनीच्या हातचा डबा घेऊन जाऊ?
मी म्हणाले, देवीने कौल दिलाय.
कितव्या वेळी, असं पूर्वीने विचारलं. मुलीला कॉलेजात घातल्याचं हे फळ.

२७ जून
वनमाला आली. सहज. मशीन उघडं पडलेलं बघून म्हणाली, काय गं, हे अजून आहे? मला वाटलं म्युझियममध्ये दिलं.
मी म्हणाले, आमच्यात म्हाताऱ्यांना टाकत नाहीत.
टाकू नको गं, पण समुद्रात तरी नेऊ नको, म्हणाली.
चहा दिला. साखर अर्धा चमचा.

१९ जुलै
मशीन बांधून आलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा. पिंपात पाणी भरून चालवून पाहिलं. दोरीच्या एका हिसक्यात सुरू. ह्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोसारखा झाला. निर्णय कुणाचा होता, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. दोनदाच.
भीमराजने मला बाजूला घेऊन सांगितलं, वहिनी, पिस्टन बसेपर्यंत तेल दुप्पट घालायचं. विसरू नका.
संकल्प: दुप्पटच घालणार. देवीसमोर सांगितलं.

७ ऑगस्ट
डबा भरला. शब्द पाळला. दुप्पट घातलं. माझ्या नेहमीच्या दुप्पट.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
दर्याला नारळ वाहिला. मशीनला हळदकुंकू लावलं. होडी निघाली आणि ह्यांनी दादाच्या बोटीला मागे टाकलं. किनाऱ्यावर विचारणाऱ्यांना आणि न विचारणाऱ्यांनाही मी सांगितलं, सासऱ्यांचं मशीन आहे.
संध्याकाळी ५: परत आले. दोराला बांधून, दादाच्या बोटीमागे. मशीन मध्येच जाम झालं. वनमाला माझ्या शेजारीच उभी होती. म्हणाली, दोर परत द्यायची घाई करू नको गं, लागेल.
दृष्ट लागली. मीठमिरच्या उतरवल्या.

१० ऑगस्ट
भीमराजने खोललं. दोन्ही पिस्टन सिलिंडरला चिकटलेले. तो माझ्याकडे बघत होता, मी देवीकडे.
हे पाना शोधायला माळ्यावर चढले आणि तेलाच्या बाटल्या खाली देत बसले. सतरा. एकीचंही सील फोडलेलं नाही. दोन वर्षांची बचत. मला वाटलं, शाबास म्हणतील.
म्हणाले, बाबांनी हे मशीन पंधरा वर्षं चालवलं.
मग चपला न घालताच किनाऱ्याकडे गेले.

११ ऑगस्ट
हे दादाच्या बोटीवर गेले. डबा वनमालाने दिला.

१२ ऑगस्ट
डबा कसा होता, असं विचारलं. भाजीला तेल सुटलेलं होतं, म्हणाले.
पाटल्या काढल्या. साबण लावावा लागला. नाहीतरी भाकरी थापताना टोचायच्या. ह्या वेळी कौल लावला नाही.

२१ ऑगस्ट
नवीन मशीन घरी आलं. पूजा केली. मग मी सतराच्या सतरा बाटल्या आणून समोर रांगेत मांडल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, आता थेंबभरही कमी पडू देणार नाही. मनापासून म्हणाले.
भीमराज म्हणाला, वहिनी, हे फोर-स्ट्रोक आहे. ह्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचंच नसतं. आणि हे तेल ह्याला चालतही नाही.
हे हसले. पौर्णिमेनंतर पहिल्यांदाच.
देवापुढच्या दिव्याला चालेल का, असं मी विचारलं. नाही, असा त्याने कौल दिला.
पण पंखा चालू होता.