रेषेत अडकलेली धूळ

विक्रोळी,
रविवार, दुपार

प्रिय सुगंधा,

जय भीम. पत्र बघून तू हसणार. विक्रोळी ते माहुल असं किती अंतर, दोघांच्या हातात फोन, आणि हा दादा वहिनीच्या हातून चिठ्ठी पाठवतोय. पण फोनवर तुला खोकल्याची उबळ आली की मी बोलायचं ते विसरतो आणि "वाफ घेतेस ना गं?" एवढं विचारून ठेवून देतो. तीनदा असं झालं. मग आवाजाचा मेसेज भरून पाहिला. तो ऐकला तर रेडिओवर कोणी बाजारभाव सांगतंय असं वाटलं. पुसून टाकला. शकु उद्या सकाळी तुझ्याकडे येतेय, शेवग्याच्या शेंगा आणि हे पत्र घेऊन. शेंगा आधी घे, पत्र ती गेल्यावर वाच. तिला यातलं सगळं सांगितलंय, तरी तिच्यासमोर वाचू नकोस.

तू काम सोडलंस त्याला तीन महिने झाले. महिनाअखेर तुम्ही खोली सोडून मेहकरला जाणार, त्याआधी पंधरा तारखेला चंद्रप्रकाशराव शाळेच्या बसवरची बारा वर्षांची नोकरी सोडणार, कारण डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलंय. मला या हवेबद्दलच बोलायचंय. पण माझी सवय तुला ठाऊक आहे, स्क्रू पिळायच्या आधी मी भोक पाडून घेतो. तेव्हा आधी गाळ्यातली बातमी.

मी भुसा ओढायच्या व्हॅक्यूमला सायक्लोन जोडला. म्हणजे लाकूड घासायच्या सँडरमधून निघालेला भुसा आता सरळ मशीनमध्ये जात नाही. मधे एक पत्र्याचा शंकू आहे, आपल्या नरसाळ्यासारखा, वर रुंद, खाली निमुळता. हवा त्यात बाजूने घुसते आणि भिंतीला घासत गरगर फिरते. भुसा जड, तो कडेला फेकला जातो आणि घसरत खालच्या पिंपात पडतो. हवा हलकी, ती मधल्या नळीने वर जाऊन मशीनमध्ये शिरते. फोनवर लोक प्लॅस्टिकचे तयार शंकू दाखवतात. मी म्हटलं, दहावी नापास झाल्यापासून कॅरमची एक फ्रेम आजवर दुसऱ्याकडून कापून घेतली नाही, आता शंकू विकत आणू? वर्तमानपत्रावर आकृती काढली, पत्रा कापला, वळवला, रिव्हेट मारले. पहिला शंकू फुकट गेला. रिव्हेटची डोकी आतल्या बाजूला आली होती, त्यावर भुसा अडकून गोळा होत होता. दुसऱ्याला डोकी बाहेर ठेवली आणि आतला सांधा बोटाला लागणार नाही इतका घासला.

शेजारच्या गाळ्यातला जेफ्री, मालाडचा, तुला ठाऊकच आहे, त्याच्या जिभेला हाड नाही. तो दारात उभा राहून म्हणाला, "सायक्लोन? अरे मागचा आला तेव्हा माझ्या घरावरचे पत्रे घेऊन गेला, आणि तू पाळायला आणलास?" खाली मी रंगाची वीस लिटरची रिकामी बादली लावली होती. मशीन चालू केलं, ओढ किती आहे ते बघायला पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला, तर धाडकन आवाज झाला आणि बादली आतल्या आत चिरडली गेली. जेफ्री पळत आला. बादली बघून त्याने माझे हात मोजले. दोन्ही आहेत म्हटल्यावर चहा मागवला.

मग निळं जाड पिंप आणलं, झाकणाला लोखंडी पट्टा असतो ते. तरीही भुसा पिंपात पडेना, अर्धा वर जाऊन मशीनमध्येच. तीन आठवडे मी शंकूची मापं बदलत होतो, नळी दोन सूत खाली, दोन सूत वर. चूक शंकूत नव्हतीच. शेवटी फोटोपुढच्या उदबत्त्यांपैकी एक आणून मशीन चालू असताना पिंपाच्या झाकणाभोवती फिरवली. एका ठिकाणी धूर सुतासारखा आत ओढला गेला. केसाएवढी फट. खालून इतकीशी हवा आत आली तरी पडलेला भुसा पुन्हा उचलला जातो, हे कुठल्याच व्हिडिओवाल्याने नीट सांगितलं नव्हतं. सायकलची ट्यूब कापून झाकणाला बसवली. मग दोन किलो भुसा काट्यावर तोलून ओढला, पिंपातला परत तोलला. एक किलो नऊशे साठ ग्रॅम. मी जेफ्रीला बोलावून काटा दाखवला. तो म्हणाला, "धम्मा, चाळीस ग्रॅम कुठे गेला?" त्याने गंमत केली, पण त्या चाळीस ग्रॅमनेच मला हे पत्र लिहायला बसवलंय.

आता जरा मागे जातो. तू सहा वर्षं माझ्याकडे रेषा आखल्यास. सगळीकडे बोर्डावर छापलेल्या रेषा असतात, आपल्या बोर्डावर हाताने आखलेल्या, म्हणून क्लबवाले आपल्याकडे येतात, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. ते आपल्याकडे नाही, तुझ्याकडे यायचे हे मी सांगत नाही. बाणाची दीड मिलिमीटरची रेषा तू एका दमात ओढायचीस, श्वास रोखून. मी टेबलाच्या पलीकडे सँडर चालवायचो. आणि लॅकर मारून झालं की रेषेवरून नख फिरवून मी तुला ओरडायचो. खडा लागतोय. रेषेत बारीक खडे आहेत. पेन धुतलं नाहीस. शाई गाळली नाहीस. लक्ष कुठे असतं तुझं? तू दर वेळी पेन पुन्हा धुवायचीस. एकदा तू म्हणालीस, "दादा, तू ना, सोंगटीला विचार, तिला काही त्रास आहे का?" त्यावर मी पूर्ण दिवस तुझ्याशी बोललो नाही. आठवतं ना? मला आठवतं.

तू गेल्यावर आखायला कोणी नाही. मुलुंडच्या क्लबचे चार बोर्ड अडकले होते, म्हणून मीच पेन धरलं. सुगंधा, माझी रेषा बघशील तर तुला पुन्हा खोकला येईल, हसून. मधे फुगलेली, टोकाला थरथरलेली. पण लॅकर सुकल्यावर नख फिरवलं तर काचेसारखी. एक खडा नाही. चारही बोर्डांवर नाही. पेन मी नीट धुतलंही नव्हतं, शाईही तशीच बाटलीतली. फरक एकच, हे बोर्ड सायक्लोन लागल्यावरचे होते.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पिंप लागलं आणि रेषा सुधारली, जेफ्रीला सांगायला उठलो सुद्धा. दारापर्यंत जाऊन थांबलो. रेषेत खडा येत होता तो कुठून येत होता?

आपल्या व्हॅक्यूमबरोबर कंपनीने दिलेला घडीचा फिल्टर होता. लाकडाच्या पिठाने तो अर्ध्या तासात चोंदायचा आणि ओढ मरायची. मी तो रोज भिंतीवर आपटायचो. महिन्याभरात फाटला. मग मी त्याच्या जागी शकुच्या जुन्या साडीचा तुकडा, दुहेरी घडी करून, रबराने बांधला. ओढ झकास झाली. मी किती मिरवलं होतं ते तुला आठवत असेल, कंपनीच्या इंजिनिअरांना जे जमलं नाही ते साडीने केलं म्हणून. जाडा भुसा साडीत अडकायचा, हे खरं. पण सगळ्यात बारीक पीठ, जे डोळ्याला दिसत नाही, ते साडीतून आरपार जाऊन मशीनच्या मागच्या जाळीतून बाहेर पडत होतं. आता सायक्लोनमुळे मशीनपर्यंत भुसाच कमी जातो, फिल्टर चोंदत नाही, म्हणून महिन्यापूर्वी मी खरा घडीचा फिल्टर परत लावला. जेफ्रीचे ते चाळीस ग्रॅम त्या फिल्टरमध्ये सापडले. सहा वर्षं ते कुठेच सापडले नव्हते, कारण अडवायला काही नव्हतं.

आणि मशीनच्या मागच्या जाळीसमोर तुझं स्टूल होतं. ते तिथे मी ठेवलं. शाई ओली असताना पंखा लावायचा नाही हा नियम माझा. मे महिन्यात पत्र्याखाली तू घामाने निथळत होतीस, म्हणून मीच स्टूल सरकवलं आणि म्हणालो, "इथे बस, मशीनचा वारा लागेल." तू म्हणालीस, "बरं वाटतंय दादा." मला वाटलं, मी बहिणीसाठी काहीतरी केलं.

तू म्हणशील, दादा हे सगळं अंदाजाने बोलतोय. म्हणून मी मोजलं. परवा पिंप सोडवलं, साडीचा तुकडा परत बांधला, तुझ्या स्टुलावर काळ्या सनमायकाचा तुकडा उभा केला. तुझ्या नाकाची उंची मला माहीत आहे, तू बसलीस की टेबलाच्या कडेपासून एक फूट सात इंच. एक बोर्ड घासायला लागतात तेवढी वीस मिनिटं सँडर चालवला. तोंडाला मी मास्क लावला होता, हेही लिहितो. मशीन बंद करून सनमायका उन्हात नेला. पांढरा झाला होता. बोट फिरवलं तर बोटाची सगळी चक्रं उमटली. वीस मिनिटांची ही गत. तू दिवसाचे सहा तास बसायचीस. पुढचा गुणाकार मी केला, कागद फाडला.

माहुलची हवा चांगली आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकांनी कारखान्यांच्या धुरात जे सोसलंय ते खोटं नाही, आणि तुझ्या छातीत तिचाही वाटा असेल. किती तिचा, किती माझा, ते मला ठरवता येत नाही. ते डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांपुढे एकच नाव गेलंय, आणि त्याला कारण मी आहे.

तीन महिन्यांपूर्वी घाटकोपरला मी तुझ्याबरोबर आलो होतो. चंद्रप्रकाशरावांना सुट्टी नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, कामाच्या ठिकाणी धूळ असते का? तुला दम लागला होता, तू पाण्याची बाटली उघडत होतीस. मी उत्तर दिलं. म्हणालो, "नाही डॉक्टर, ही नुसती बसून रेषा आखते. माहुलला राहते ना." त्यांनी मान हलवली आणि माहुल लिहिलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग पाणी प्यायलीस. तेव्हा साडीचं, स्टुलाचं मला काही कळलं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण दवाखान्याच्या जिन्यात शिरण्याआधी मी बाहीवरचा भुसा झटकला होता, हेही खरं. गुरुवारी अकरा वाजता तुझी पुन्हा तपासणी आहे. मी येतोय. सनमायकाचा तुकडा प्लॅस्टिकमध्ये बांधून, आणि फिल्टरमधली पूड एका बरणीत भरून आणतो. यावेळी विचारतील तेव्हा तू बोल, तुझं झालं की मी माझं सांगेन. कामावर परत ये असं मी म्हणणार नाही, तू गाळ्याचं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल. मेहकरला जायचं तर खुशाल जा, पण खरं कारण माहीत करून जा. हे पत्र वाचून झालं की चंद्रप्रकाशरावांना दे. ते माझ्यावर चिडतील. चिडू देत. फक्त पंधरा तारखेच्या आत चिडायला सांग, नोकरी हातात असताना.

तुझाच,
धम्मपालदादा