केसांची परदेशवारी

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला का? (उत्तराची घाई नाही, मला आधी माझे रडगाणे गायचे आहे.)

तुम्हाला माहीतच आहे, सलूनमधले केस मी आजवर झाडून उकिरड्यावर टाकत होतो. गेल्या वर्षी एक दलाल आला. म्हणाला, परदेशात टोप बनवायला केस लागतात, वीतभर लांब असतील तर सोन्याचा भाव देतो. माझे डोकेच फिरले. मी सगळ्या गिऱ्हाइकांना बजावले, वर्षभर केस कापू नका, मग फुकट कापीन आणि पैसे निम्मे निम्मे. लोक खूश. सलून ओस. न्हावीच केस कापू नका म्हणतो, हे जगात प्रथमच घडले असावे. घर हिच्या शिवणकामावर चालले (ते ती रोज जेवताना सांगते). पोस्टमनचे तांबूस कुरळे केस तर खांद्यावर आले, त्याला लोक मागून "अहो ताई" म्हणू लागले.

अखेर कापणी झाली. दलालाने पोते तोलले आणि म्हणाला, भाव पडला, दुसऱ्या एका देशातली डोकी आपल्यापेक्षा स्वस्त निघाली. वाटणी केल्यावर प्रत्येकाच्या हाती एका चहाचे पैसे आले. पोस्टमनने तो चहा माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, सावकाश प्यायला.

परवा हिने माझ्या टकलासाठी दुकानातून परदेशी टोप आणला. किंमत ऐकून मी मटकन खुर्चीत बसलो (खुर्चीत गिऱ्हाईक होते). टोप घातला, आरशात पाहिले, तर पोस्टमन. तेवढ्यात खरा पोस्टमन टपाल घेऊन आला. बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "हे माझे आहेत."

"पावती आहे आमच्याकडे," ही म्हणाली.

मामा, आपलेच केस, जग फिरून आले आणि आपल्यालाच परवडेनात. या व्यापाराला माझा कोपरापासून नमस्कार. पुन्हा म्हणून त्या दलालाचे तोंड पाहणार नाही.

तुमचा,
भाचा

ता. क. दलाल काल येऊन गेला. भाव पुन्हा चढलाय, पण फक्त कमरेपर्यंतच्या केसांना. मामींची वेणी अजून तेवढीच लांब आहे ना? तुम्ही सहज विषय काढून बघा, माझी छाती होत नाही.

ता. ता. क. पत्र आधी मामींच्या हाती लागले असेल, तर मामी, साष्टांग नमस्कार. वरचे हस्ताक्षर माझे नाही.