एका पन्नीतला खर्रा

मामाजी,

जावयाचा दुरूनच नमस्कार.

आमच्या जिनिंगमधल्या रऊफभाईले कोरोना निंघाला. त्याच्याजवळ कोण कोण गेलतं, असं नर्सबाईनं इचारलं. मी छाती ठोकून सांगतलं, "मी तं दूरच होतो." रऊफभाई नर्सबाईच्या फोनवरून वरडला, "झूठ मत बोल! एकाच पन्नीतला खर्रा खाल्ला आपण!"

तुमीच मले पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडाले लावलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, तो असा सरकारी यादीत चढला.

मी चौदा दिवस या क्वारंटाइनच्या शाळेत पडून राहीन. पण सोमवारी कापूस घेऊन आलते, तवा सासूबाईच्या चोरून तुमीबी त्याच पन्नीतून चिमूट उचलली. यादीत तिसरं नाव तुमचं हाय. उद्या तुमाले न्याले दारात दवाखान्याची गाडी येईन.

आधी सांगावं म्हणून लिवलं, पण धाडू कसं? तुमाले पत्र सासूबाईच वाचून दाखवतात. फोनबी त्याच उचलतात.

शाळेत कोंडलेला,
देवानंद